प्लेटोच्या 'गॉर्जियस' संवादातील वक्तृत्वकलेची चिकित्सा : एक पुनर्विचार

१. प्रस्तावना

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सोफिस्टांची बाजू प्रामुख्याने त्यांच्या प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकू येते. प्रोटॅगोरस, गॉर्जियस, प्रॉडिकस, हिप्पियस, थ्रॅसिमॅकस यांच्या लेखनापैकी फारच थोडे आज उपलब्ध आहे. अभ्यासकाला ते भेटतात ते मुख्यत्वे प्लेटोच्या संवादांतील पात्रे म्हणून. वादीनेच प्रतिवादीचे म्हणणे न्यायालयात मांडावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे तत्त्वज्ञ सत्याचा शोध घेतो आणि सोफिस्ट शब्दांच्या जोरावर श्रोत्यांना फसवितो, हे समीकरण पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ रूढ होऊन बसले.

या समीकरणाला आव्हान देणारी परंपराही जुनी आहे. जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने १८४६ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रीसच्या इतिहासात सोफिस्टांची बाजू आग्रहाने मांडली. विसाव्या शतकात जी. बी. कर्फर्ड यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात सोफिस्ट चळवळीचा स्वतंत्र तत्त्वज्ञानात्मक आशय उलगडून दाखविला. मात्र सोफिस्टांवर अन्याय झाला एवढे म्हटल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. प्लेटोचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे मूल्यमापन त्याच्याच संहितेच्या आधारे व्हावयास हवे.

प्रस्तुत लेखात 'गॉर्जियस' या संवादाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. वक्तृत्वकलेचे दोष सॉक्रेटीस ज्ञानाच्या अभावाशी जोडतो; परंतु त्याच संवादातील एका वाक्यात या अभावाचे कारण वेगळेच सांगितलेले आहे. श्रोत्यांची संख्या मोठी असते आणि वेळ अपुरा असतो, हे ते कारण होय. हे कारण पुढे दुर्लक्षिले गेल्यामुळे विशिष्ट वक्त्यांविरुद्ध योग्य ठरणारा आक्षेप संपूर्ण कलेवर लादला गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. (कंसातील आकडे प्लेटोच्या ग्रंथांच्या रूढ स्टेफॅनस पृष्ठांकांनुसार आहेत.)

२. 'सोफिस्ट' ही संज्ञा आणि 'वितंडा' हा पर्याय

'सोफिस्टेस' या ग्रीक शब्दाला मुळात निंदेचा अर्थ नव्हता. हेरोडोटसने सोलोन व पायथॅगोरस यांच्यासारख्या आदरणीय व्यक्तींसाठीही तो वापरला आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शुल्क घेऊन शिकविणाऱ्या फिरत्या अध्यापकांना लावला जाऊ लागला. हे शुल्क कधी बरेच मोठे असे. 'अपॉलॉजी'मध्ये एव्हेनस या अध्यापकाचे शुल्क ५ मिना असल्याचा उल्लेख आहे (२०).

सामान्य अथेनियन नागरिकाला सॉक्रेटीस आणि सोफिस्ट यांत फारसा भेद दिसत नव्हता. ॲरिस्टोफेनीसच्या 'मेघ' या इ. स. पू. ४२३ मधील नाटकात दुर्बल युक्तिवाद प्रबळ करण्याची विद्या शिकविणारा गुरू म्हणून सॉक्रेटीसच दाखविला आहे. सॉक्रेटीसच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटून गेल्यावरही वक्ता एस्किनीस आपल्या एका भाषणात त्याला सोफिस्टच म्हणतो. तत्त्वज्ञ आणि सोफिस्ट यांच्यातील स्पष्ट सीमारेषा प्लेटोने आखली. 'ऱ्हेटोरिके' (वक्तृत्वविद्या) हा शब्दही उपलब्ध वाङ्मयात प्रथम 'गॉर्जियस' संवादातच आढळतो. तो प्लेटोनेच घडविला असावा, असे एडवर्ड शियापा यांच्यासारखे अभ्यासक मानतात. हे मत सर्वमान्य नसले, तरी कलेचे नाव आणि कलेवरील आरोपपत्र एकाच ग्रंथात सापडावे ही बाब लक्षणीय आहे.

मराठीत सोफिस्टांच्या युक्तिवादास 'वितंडवाद' म्हणण्याचा प्रघात आहे. हा पर्याय तपासून पाहावयास हवा. न्यायदर्शनाने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. वादात तत्त्वनिर्णय हे प्रयोजन असते, जल्पात जय हे प्रयोजन असते आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे म्हणजे वितंडा. ही व्याख्या काटेकोरपणे लावली, तर प्रोटॅगोरस किंवा गॉर्जियस वितंडवादी ठरत नाहीत. ते पक्ष मांडतात, क्वचित दोन्ही पक्ष मांडतात, आणि जिंकू पाहतात. आपल्याला काहीच ठाऊक नाही असे सांगून समोरच्याच्या मताचे खंडन करणारा सॉक्रेटीसच बाह्यतः वितंडेच्या अधिक जवळ येतो. त्याला वितंडेपासून वेगळे करते ते प्रयोजन. ही अडचण प्लेटोलाही जाणवली होती. 'सोफिस्ट' या संवादात खंडनाच्या द्वारे आत्म्याचे शुद्धीकरण करणाऱ्याला सोफिस्ट म्हणावे की काय, अशा पेचात मुख्य वक्ता सापडतो आणि लांडगा व कुत्रा यांच्यातील साम्याची आठवण करून देतो (२३१). बाह्य रूपावरून भेद करता येत नाही, याची ही कबुलीच आहे.

३. अथेन्समधील वक्तृत्वाची परिस्थिती

वक्तृत्वकलेचा उगम परंपरेने सिसिलीतील सिरॅक्यूज येथे मानला जातो. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास तेथील जुलमी राजवट कोसळल्यावर बळकावलेल्या मालमत्तांसंबंधी दावे सुरू झाले आणि कोरॅक्स व टिसियस यांनी युक्तिवादाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला, असे सांगितले जाते. सिसिलीतीलच लिऑन्टिनी या नगराचा राजदूत म्हणून गॉर्जियस इ. स. पू. ४२७ मध्ये अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणशैलीने अथेनियन लोक भारावून गेले.

अथेन्समध्ये या कलेला सुपीक भूमी मिळाली, कारण तेथील निर्णयाची यंत्रणाच भाषणावर आधारलेली होती. दरवर्षी तीस वर्षांवरील ६००० नागरिक न्यायसभासद म्हणून निवडले जात आणि महत्त्वाच्या खटल्यात सुमारे ५०० जण बसत. व्यावसायिक वकील नव्हते. पक्षकाराला स्वतः बोलावे लागे. फार तर भाषण लिहून देणाऱ्या व्यावसायिकाकडून तो मजकूर तयार करून घेई. जलघटिकेतून पाणी वाहत असे आणि पाणी संपले की बोलणे संपे. भाषणे आटोपताच, आपापसांत विचारविनिमय न करता, सभासद गुप्त मतदान करीत. खटला एका दिवसात निकालात निघत असे.

या रचनेत दोन गोष्टी ठरलेल्या होत्या : ऐकणारे पुष्कळ आणि वेळ थोडा. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीस याच रचनेसमोर उभा राहिला. 'अपॉलॉजी'मध्ये तो वेळेचा प्रश्न स्पष्टपणे उपस्थित करतो. वर्षानुवर्षांचा अपसमज इतक्या थोड्या अवधीत दूर करणे कठीण आहे, असे तो आरंभी म्हणतो (१९). दोषी ठरल्यानंतर तो सांगतो की, इतर काही समाजांप्रमाणे मृत्युदंडाचा खटला अनेक दिवस चालविण्याचा कायदा अथेन्समध्ये असता, तर न्यायसभेला आपले म्हणणे पटले असते (३७). आपल्या अपयशाचे कारण म्हणून तो येथे वेळेकडे बोट दाखवितो, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

४. गॉर्जियसची बाजू

उपलब्ध असलेल्या 'हेलनची प्रशस्ती' या भाषणात गॉर्जियसने शब्दाच्या सामर्थ्याची मीमांसा केली आहे. हेलन ट्रॉयला गेली ती दैवामुळे, बळजबरीमुळे, शब्दाच्या प्रभावामुळे किंवा प्रेमामुळे. चारही पर्यायांत ती निर्दोष ठरते, असा त्याचा युक्तिवाद आहे. शब्दाचा आत्म्यावर होणारा परिणाम तो औषधाच्या शरीरावरील परिणामाशी ताडून पाहतो. त्याचे आणखी एक निरीक्षण सहसा दुर्लक्षिले जाते. माणसांना भूतकाळाचे पूर्ण स्मरण, वर्तमानाचे पूर्ण ज्ञान आणि भविष्याची पूर्ण दृष्टी असती, तर शब्दाला एवढे सामर्थ्य लाभले नसते, असे तो म्हणतो. बहुतेक माणसांना बहुतेक विषयांत केवळ मतावरच विसंबावे लागते. म्हणजे वक्तृत्वाचे सामर्थ्य मानवी ज्ञानाच्या मर्यादेतून उद्भवते, याची जाणीव खुद्द गॉर्जियसला होती.

प्लेटोच्या संवादातही गॉर्जियसच्या तोंडी एक प्रभावी दाखला आहे. त्याचा भाऊ हेरोडिकस वैद्य होता. औषध घेण्यास किंवा शस्त्रक्रियेस तयार नसलेल्या रुग्णाचे मन वैद्याला वळविता आले नाही, तेव्हा ते आपण केवळ वक्तृत्वाच्या बळावर वळविले, असे गॉर्जियस सांगतो (४५६). या दाखल्यात ज्ञान वैद्याकडे आहे आणि वक्तृत्व त्या ज्ञानाला रुग्णापर्यंत पोहोचविते. ज्ञान बरोबर असूनही ते निरुपयोगी ठरण्याचा धोका येथे आहे, आणि त्यात पणाला लागला आहे तो रुग्णाचा जीव.

मात्र गॉर्जियस लगेच दुसरा दावा करतो. एखाद्या नगरात वैद्याची निवड करावयाची असेल आणि वैद्य व वक्ता दोघेही सभेपुढे बोलले, तर वक्ताच निवडून येईल, अशी प्रौढी तो मिरवितो. पहिल्या दाखल्यात वक्ता ज्ञानाच्या सोबतीला उभा होता. दुसऱ्यात तो ज्ञानाची जागा बळकावतो. ही दोन भिन्न कार्ये आहेत. गॉर्जियसला त्यांतील अंतर जाणवत नाही, हा त्याचा दोष होय. पण सॉक्रेटीसही पुढे केवळ दुसऱ्या दाव्याचाच समाचार घेतो. हेरोडिकसच्या रुग्णाचे काय करावे, या प्रश्नाला संवादात उत्तर मिळत नाही.

५. सॉक्रेटीसचा आक्षेप आणि विसरलेले वाक्य

सॉक्रेटीसचा आक्षेप सुप्रसिद्ध साम्यशृंखलेत मांडलेला आहे (४६४-४६५). शरीरासाठी व्यायाम व वैद्यक या खऱ्या कला आहेत. सौंदर्यप्रसाधन व पाककौशल्य ही त्यांची सोंगे आहेत. तद्वतच आत्म्यासाठी विधिनिर्मिती व न्याय या खऱ्या कला असून सोफिस्टविद्या व वक्तृत्व ही त्यांची सोंगे होत. या सोंगांचे सामान्य नाव खुशामत. ती हित न पाहता सुख पाहते आणि आपल्या कृतीचे कारण सांगू शकत नाही.

या आक्षेपाचे बळ नाकारता येणार नाही. लहान मुलांच्या न्यायसभेपुढे वैद्य आणि आचारी उभे राहिले, तर वैद्याला उपाशी मरावे लागेल, हे सॉक्रेटीसचे चित्र आजही अस्वस्थ करते. श्रोत्याला जे हवे तेच देणारा वक्ता दिसायला सामर्थ्यवान असला, तरी वस्तुतः श्रोत्यांचा दास असतो, हे त्याचे निदान अचूक आहे.

तथापि या शृंखलेच्या थोडे आधी एक वाक्य येऊन गेलेले असते. वक्ता न्यायसभेला केवळ विश्वास देतो, ज्ञान देत नाही, असे सांगताना सॉक्रेटीस त्याचे कारण देतो : एवढ्या मोठ्या जमावाला इतके महत्त्वाचे विषय अल्पावधीत शिकविता येणार नाहीत (४५५). येथे दोष कलेकडे नाही. संख्या आणि वेळ यांच्याकडे आहे. या दोन अटींखाली वैद्य, गणिती किंवा खुद्द सॉक्रेटीस उभा राहिला, तरी त्यालाही ज्ञान देता येणार नाही, विश्वासच द्यावा लागेल. असे असेल तर विश्वास उत्पन्न करणारे भाषण हे ज्ञानाचे सोंग ठरत नाही. जेथे शिकविण्यास अवकाश नाही आणि निर्णय तर घ्यावयाचा आहे, तेथील ती अपरिहार्य वाणी ठरते. सोंग तेव्हा सुरू होते, जेव्हा वक्ता आपण शिकवीत असल्याचा आव आणतो किंवा वेळेच्या अभावाचा लाभ उठवितो. सॉक्रेटीसच्या वाक्यातून निघणारा हा भेद साम्यशृंखलेत मात्र पुसला जातो.

पाककौशल्याची उपमाही याच कारणामुळे अपुरी पडते. आजाऱ्याला आचाऱ्याची गरज नाही, वैद्य पुरेसा आहे. पण सभेपुढील प्रश्न अनेकदा असे असतात की, ज्यांत वैद्यासारखा निर्विवाद तज्ज्ञच नसतो. युद्ध करावे की तह, या प्रश्नावर जहाजे बांधणारा आणि सेनापती दोघेही आपापल्या अंशाचे ज्ञान देऊ शकतात. निर्णय मात्र नागरिकांनाच घ्यावा लागतो. 'प्रोटॅगोरस' संवादातील कथेत झ्यूस लज्जा व न्यायबुद्धी सर्व मानवांना वाटून देण्याची आज्ञा करतो (३२२). राजकीय विवेकात सर्वांचा वाटा आहे, हा त्या कथेचा आशय. गॉर्जियसच्या बाजूला ज्या तात्त्विक आधाराची गरज होती, तो प्रोटॅगोरसकडे होता. 'गॉर्जियस' संवादात त्याला बोलावलेले नाही.

६. कॅलिक्लीसचे मौन

संवादाच्या रचनेकडे पाहिले असता हा प्रश्न अधिक तीव्र होतो. गॉर्जियस निरुत्तर होतो, कारण न्याय शिकवीत नाही असे उघडपणे म्हणण्याची त्याला लाज वाटली, असे पोलस सांगतो. पोलस निरुत्तर होतो, कारण अन्याय करणे अधिक लाजिरवाणे आहे हे त्याने मान्य केले, असे कॅलिक्लीस सांगतो. दोन्ही वेळा सॉक्रेटीसला यश मिळवून देण्यात तर्काइतकाच लज्जेचाही वाटा आहे. लज्जा ही भावना आहे आणि भावनेला आवाहन करणे हे तर वक्तृत्वाचे लक्षण मानले जाते.

कॅलिक्लीस लाजत नाही. निसर्गतः बलवानाने अधिक मिळवावे, हे तो निःसंकोच सांगतो. सॉक्रेटीस त्याला अनेकदा विसंगतीत पकडतो. पण त्याचे मन वळत नाही. अखेरीस तो उत्तरे देणेच थांबवितो (५०५) आणि सॉक्रेटीसला प्रश्न व उत्तर या दोन्ही भूमिका एकट्याने पार पाडाव्या लागतात. ज्याने पोलसला लांब भाषणे करू दिली नाहीत, तोच पुढे दीर्घ भाषण करतो आणि शेवटी मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्याची कथा सांगतो. कॅलिक्लीसला ती पटली की नाही, हे प्लेटो सांगत नाही.

मी केवळ एकच साक्षीदार सादर करू जाणतो, ज्याच्याशी बोलतो तो. जमावाशी मी बोलतच नाही, असे सॉक्रेटीस पोलसला सांगतो (४७४). कॅलिक्लीसच्या प्रसंगी हा एक साक्षीदारही त्याला लाभत नाही. श्रोता एकटा आहे, वेळेचे बंधन नाही, तरीही संवादपद्धती थांबते, कारण ती श्रोत्याच्या सहकार्यावर अवलंबून आहे. हेरोडिकसच्या रुग्णाप्रमाणे कॅलिक्लीसही औषध नाकारतो. अशा प्रसंगी सॉक्रेटीसही कथा आणि भाषण यांचाच आश्रय घेतो. ही प्लेटोची नकळत झालेली चूक आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या पद्धतीची मर्यादा त्याने प्रामाणिकपणे रंगविली आहे. परंतु ती मर्यादा मान्य केल्यावर वक्तृत्वाला सरसकट खुशामत म्हणता येत नाही, हा निष्कर्ष त्याने या संवादात काढलेला नाही. सत्याच्या बाजूने बोलणारे दुसऱ्या प्रकारचे वक्तृत्व असू शकते, असे सॉक्रेटीस ओझरते सुचवितो आणि ते कोणी पाहिलेले नाही, असेही लगेच म्हणतो (५०३).

७. मिटिलीनीचा प्रश्न : दुसऱ्या दिवसाचे महत्त्व

गॉर्जियस अथेन्सला आला त्याच वर्षी, इ. स. पू. ४२७ मध्ये, तेथील सभेपुढे मिटिलीनीचा प्रश्न आला. बंड केलेल्या या नगरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि स्त्रिया व मुलांना गुलाम करावे, असा निर्णय सभेने घेतला आणि जहाज रवाना केले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला व सभा पुन्हा भरली. थ्युसिडिडीसच्या तिसऱ्या खंडात तेथील दोन भाषणे दिली आहेत. निर्णय कायम ठेवावा असे म्हणणारा क्लिऑन अथेनियनांना दोष देतो की, ते सोफिस्टांच्या प्रेक्षकांप्रमाणे भाषणांचा आनंद लुटत बसतात. वक्तृत्वाची निंदा हीच येथे वक्तृत्वाची सर्वांत धारदार युक्ती ठरते. डायोडोटस त्याला उत्तर देतो. घाई आणि क्रोध हे सुविचाराचे शत्रू आहेत, असे तो बजावतो आणि न्यायापेक्षा अथेन्सच्या हिताच्या भाषेत दयेची बाजू मांडतो. अगदी थोड्या मतांनी निर्णय बदलतो आणि दुसरे जहाज ऐनवेळी पोहोचते. तरीही क्लिऑनच्या ठरावानुसार बंडाच्या सूत्रधारांना ठार मारण्यात आले. थ्युसिडिडीसच्या संहितेत त्यांची संख्या १००० हून थोडी अधिक दिली आहे.

हा प्रसंग प्लेटोच्या आक्षेपाची दोन्ही अंगे दाखवितो. पहिला दिवस त्याच्या बाजूने साक्ष देतो : भावनेवर स्वार झालेली सभा भयंकर निर्णय घेऊ शकते. दुसऱ्या दिवसाची साक्ष मात्र निराळी आहे. निर्णय बदलला तो कोणा तज्ज्ञाच्या ज्ञानामुळे नव्हे. सभेला आणखी एक दिवस मिळाला आणि प्रतिपक्षाचे भाषण ऐकता आले, म्हणून तो बदलला. भाषणाने केलेल्या हानीवर येथे उपाय झाला तो वेळ आणि प्रतिभाषण यांनी. सॉक्रेटीसने आपल्या न्यायाधीशांकडे जे मागितले, ते हेच होते.

८. 'फीड्रस' आणि ॲरिस्टॉटल

प्लेटोने पुढे 'फीड्रस' संवादात आपली भूमिका सौम्य केली. खऱ्या वक्त्याला विषयाचे ज्ञान असावे, आत्म्याचे प्रकार ठाऊक असावेत आणि कोणत्या आत्म्याला कोणते भाषण अनुरूप आहे हे त्याने जाणावे, अशी अपेक्षा तेथे आहे (२७१). परंतु प्रत्येक श्रोत्याच्या आत्म्यानुसार भाषण करणे एकाच श्रोत्यापुढे शक्य आहे. ५०० न्यायसभासदांपुढे ते शक्य नाही. संख्येचा प्रश्न येथेही उरतोच.

तो प्रथम गांभीर्याने घेतला ॲरिस्टॉटलने. आपल्या 'वक्तृत्वशास्त्र' या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात तो वक्तृत्वाला वादविद्येचे प्रतिरूप म्हणतो. प्लेटोच्या शृंखलेत ते पाककौशल्याचे प्रतिरूप होते. शब्द तोच ठेवून ॲरिस्टॉटलने जागा बदलली आहे. लांबलचक तर्कमालिका एका दृष्टिक्षेपात ज्यांना आकळत नाही, अशा श्रोत्यांपुढे वक्त्याला बोलावे लागते, हे तो गृहीत धरतो. म्हणूनच श्रोत्यांना मान्य असलेल्या आधारविधानांवर उभे राहणारे आणि काही विधाने अध्याहृत ठेवणारे संक्षिप्त अनुमान हे त्याच्या मते वक्तृत्वाचे मुख्य साधन आहे. वक्त्याचे चारित्र्य आणि श्रोत्यांच्या भावना यांनाही तो प्रमाणाचे स्थान देतो. दुसरीकडे, भ्रामक युक्तिवादांचे भाषाश्रित ६ आणि भाषाबाह्य ७ असे १३ प्रकार त्याने स्वतंत्र ग्रंथात वर्गीकृत केले. शब्दांच्या फसवणुकीविरुद्ध श्रोत्याला सज्ज करणारे हे कार्य होय.

सोफिस्ट आणि वक्ता यांच्यातील भेद ॲरिस्टॉटल सामर्थ्यात पाहत नाही. तो त्यांच्या हेतुपूर्वक निवडीत पाहतो. सत्य व न्याय स्वभावतः अधिक बलवान असतात आणि तरीही निर्णय चुकत असतील, तर पराभवाचा दोष त्या बाजूने बोलणाऱ्यांवर येतो, असेही त्याचे म्हणणे आहे. सत्याच्या स्वाभाविक बळावरील हा विश्वास कदाचित अतिरिक्त असेल. परंतु त्यातून निष्पन्न होणारे कर्तव्य महत्त्वाचे आहे. ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याने ते पटविण्याची कला हीन मानून दूर राहणे हा सद्गुण ठरत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, 'गॉर्जियस'मधील खुशामतीचा आरोप ज्ञानाची जागा बळकावणाऱ्या वक्त्याविरुद्ध पूर्णतः योग्य आहे. ज्ञानाला वाट करून देणाऱ्या वक्त्याविरुद्ध तो लागू पडत नाही. गॉर्जियसच्या सलग दोन दाव्यांत हे दोन्ही वक्ते उभे आहेत आणि सॉक्रेटीसने त्यांतील एकाचाच विचार केला. दुसरा, विश्वास आणि ज्ञान यांतील अंतराचे कारण म्हणून खुद्द सॉक्रेटीसने संख्या व वेळ यांचा निर्देश केला आहे. हे कारण गांभीर्याने घेतले, तर सुधारणेची दिशा बदलते. कलेवर बहिष्कार टाकण्यापेक्षा प्रतिपक्षाला बोलू देणे आणि अपरिवर्तनीय निर्णयापूर्वी आणखी एक दिवस देणे हा अधिक खरा उपाय ठरतो. तिसरा, तत्त्वज्ञ आणि सोफिस्ट यांच्यातील सीमारेषा भाषणाच्या रूपात शोधता येत नाही. लांब भाषण, कथा, लज्जेला आवाहन, खंडन ही साधने दोघेही वापरतात. बोलून झाल्यावर प्रश्नांना सामोरे जाण्याची वक्त्याची तयारी आहे की नाही, ही कसोटी मात्र 'गॉर्जियस' संवादातून हाती लागते आणि ती प्लेटोचीच देणगी आहे.

सॉक्रेटीसने आपल्या एकमेव साक्षीदाराची वाट पाहिली, ती तत्त्वज्ञानासाठी मोलाची ठरली. परंतु औषध नाकारणाऱ्या रुग्णाजवळ केवळ वैद्य पुरेसा नसतो, हे गॉर्जियसचे म्हणणे त्यामुळे खोडले जात नाही. ज्या समाजात निर्णय अनेकांनी आणि ठरावीक मुदतीत घ्यावयाचा असतो, त्या समाजाला हेरोडिकस आणि त्याचा भाऊ दोघेही हवे असतात. त्या भावाने वैद्याच्या खुर्चीवर बसू नये, एवढी दक्षता मात्र श्रोत्यांनी घ्यावी लागते.